करंगळीकडचं मनगट

गेज माझ्या हातातून पडलं, तेव्हा पहिली पाळी निम्मी झाली होती.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीत कामाला आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगला मशीनवर भोकं पाडून त्यात आटे काढतात आणि तो माल माझ्या टेबलावर येतो. प्रत्येक भोकात आट्यांचं गेज फिरवून आत घालायचं, फिरवून बाहेर काढायचं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एवढंच काम. एका नगाला सहा भोकं, आणि नग काही संपत नाहीत. दहा वर्षं मी उजवं मनगट असं फिरवत आले होते. त्या दिवशी गेज बाहेर काढताना करंगळीकडच्या बाजूला, अगदी आत, अशी कळ आली की बोटं आपोआप उघडली.

पडलेलं गेज लगेच वापरता येत नाही. ते तपासायला पाठवावं लागतं. सुपरवायझर आला, त्यानं वाकून गेज उचललं आणि म्हणाला, "काय वो, झोप झाली न्हाय काय?"

मी हसले. मनगट टेबलाखाली नेऊन डाव्या हातानं घट्ट दाबून धरलं. तो गेल्यावर दुसरं गेज मागून घेतलं आणि काम सुरू केलं. कळ येईल म्हणून आधीच दात आवळून बसायची, आणि ती यायचीच.

खरं म्हणजे हे काही त्याच दिवशी सुरू झालं नव्हतं. दाराच्या कुलपात किल्ली फिरवताना, दुधाचं पातेलं तिरकं करताना, धुणं पिळताना महिना-दीड महिना काहीतरी खुपत होतं. गाडीचा अॅक्सिलरेटर पिळताना तर पंचगंगेच्या पुलापर्यंत पोचेतो हात बधिर व्हायचा. गंमत अशी, की भरलेली बादली सरळ उचलली तर काही नाही. पण तीच बादली ओतायला वळवली की जीव जायचा. भाकरी थापताना तळव्यावर जोर पडला की परातीवरच हात थांबायचा. अर्धी भाकरी एकीकडं जाड, एकीकडं फाटलेली.

माझा स्वभाव मुळात एका जागी बसायचा नाही. त्यात हे दुखणं असं, की बसले तरी चैन नाही. हात उशीवर ठेव, मांडीवर ठेव, झटक, दाब, परत झटक. टीव्ही बघताना मी इतकी चुळबुळ करायची की नवरा म्हणायचा, "अगं, मुंग्या लागल्यात काय तुला?"

घराजवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "कामाचा ताण. दहा दिवस गोळ्या घ्या, मलम लावा." गोळ्या घेतल्या की थोडं बरं वाटायचं आणि छातीत जळजळायचं. गोळ्या संपल्या की जळजळ थांबायची आणि मनगट सुरू व्हायचं. असे तीन फेरे झाले.

मग नवऱ्यानं हाडं बसवणाऱ्या एका माणसाचं नाव काढलं. नवऱ्याचं दुचाकींचं गॅरेज आहे. अडकलेली वस्तू नीट पिरगाळली की सुटते यावर त्याचा विश्वास. "शीर चढली असंल. एका झटक्यात उतरंल," तो म्हणाला. आम्ही रविवारी गेलो. त्या माणसानं तेल लावून हात चोळला, "शीर सरकलीया, पावणं," असं नवऱ्याला सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत मनगट ओढून पिळलं. आतून टक्कन आवाज आला. सगळ्यांना बरं वाटलं. नवरा म्हणाला, "बघ, बसलं!" मीसुद्धा मान हलवली, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यानंतर चार दिवस मला कंगवा धरता आला नाही. वेणी नवऱ्यानं घातली. वाईट घातली, पण रोज घातली. परत शिरेचं नाव काढलं नाही.

सगळ्यात जास्त मला हे खायचं, की दिसत काहीच नव्हतं. सूज नाही, लाली नाही. दोन्ही हात शेजारी शेजारी उजेडात धरून मी बघायची, आणि दोन्ही सारखेच. कारखान्यात एकदा सुपरवायझर सरळच म्हणाला, "हात तर चांगला दिसतोय की वो तुमचा." त्याचा आवाज वाईट नव्हता, पण मला ते लागलं. नग कमी व्हायला लागले होते, आणि ते त्याच्या कागदावर दिसत होतं. माझं मनगट कुठल्याच कागदावर दिसत नव्हतं. हळूहळू मलाच वाटायला लागलं, की आपणच बाऊ करतोय. हे वाटणं दुखण्यापेक्षा वाईट.

पॅकिंगमधल्या एका बाईचा अंगठा आखडायचा, तो राजारामपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी बरा केला होता. "त्या फक्त हाताचंच बघत्यात," ती म्हणाली. फक्त हाताचा डॉक्टर असतो, हे मला तेव्हा कळलं. रजा टाकून गेले.

गर्दी होती. मी बसले, उठले, पाणी प्यायले, गॅलरीत गेले. खाली गल्लीत क्लास सुटला होता. पाठीला दप्तरं, हातात वडापाव आणि गाड्यांचे हॉर्न. नुसतं बसवेना म्हणून जिना उतरून कोपऱ्यापर्यंत चालून आले. वर आले तर माझा नंबर होऊन गेलेला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, तुमचं नाव तीनदा पुकारलं. आता शेवटी." मग तासभर खुर्चीच्या कडेवर बसून राहिले, पाय हलवत.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी आधीचा एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारलं, "एका बोटानं दाखवा. सगळ्यात जास्त कुठे दुखतं?"

मी डावा हात मनगटाभोवती फिरवला. "हे सगळं."

"सगळं नाही. एका बोटानं."

मला दाखवता येईना. सहा-सात महिने मी हे दुखणं वागवत होते आणि ते नेमकं कुठं आहे हे मला सांगता येत नव्हतं. तेव्हा त्यांनीच माझा हात कोपरातून दुमडून समोर धरला आणि अंगठ्यानं एकेक जागा दाबत गेल्या. "इथे? इथे? आणि इथे?" अंगठ्याच्या बाजूनं सुरुवात करून मध्यावर आल्या. काही नाही. मग करंगळीच्या बाजूला, जिथं हाडाचा उंचवटा संपतो तिथं एक छोटीशी खळी असते, तिच्यात त्यांचा अंगठा रुतला.

"आई गं!" मी इतक्या जोरात ओरडले, की बाहेरची माणसं दारातून डोकावली.

"सापडलं," डॉक्टर म्हणाल्या.

मला रडू आलं. दुखलं म्हणून आलं असतं तर मी आवरलं असतं. पण ते 'सापडलं' या शब्दानं आलं. म्हणजे ते होतं. माझ्या डोक्यात नव्हतं, कामाच्या कंटाळ्यात नव्हतं, तिथं, त्या खळीत होतं.

त्यांनी मला खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठायला सांगितलं. निम्म्यातच मी खाली बसले. मग नवा एक्स-रे काढला. या वेळी एक फोटो हात खांद्याच्या पातळीला आडवा ठेवून, आणि दुसरा मूठ घट्ट आवळून. पहिल्या एक्स-रेत हात कसाही ठेवलेला होता आणि बघणाऱ्यांनी फक्त मोडलंय का तेवढंच बघितलं होतं. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं येतात. करंगळीकडचं हाड शेजारच्याच्या बरोबरीनं किंवा थोडं मागंच थांबावं. माझं पुढं आलं होतं. त्याच्या आणि मनगटाच्या बारक्या हाडांच्या मध्ये एक लहानशी गादी असते. प्रत्येक वेळी हात पिळला की माझं लांब हाड त्या गादीला ठोसत होतं.

"किती पुढं आहे?" मी विचारलं.

"साधारण तीन मिलिमीटर."

"तीन मिलिमीटर म्हणजे लई झालं," माझ्या तोंडून गेलं. "आमच्याकडं त्याच्या शंभराव्या भागाला माल नापास होतो."

डॉक्टर हसल्या. "ही ठेवण जन्मापासूनची असते. पुष्कळांची असते, त्यांना कधी कळतही नाही. तुम्ही मात्र दहा वर्षं तेच एक पिळायचं काम केलंत."

एमआरआयमध्ये गादीला भोक पडलेलं निघालं, आणि पलीकडचं बारकं हाड ठोसे खाऊन मुका मार लागल्यासारखं झालेलं. लगेच ऑपरेशन नाही, त्या म्हणाल्या. आधी सहा आठवडे पट्टा. कोपराच्या खालपासून तळव्यापर्यंत, म्हणजे हात पिळताच येणार नाही. पिळणं, ओतणं, थापणं बंद.

सहा आठवडे! मी पहिल्याच संध्याकाळी पट्टा काढून भाकऱ्या केल्या. मग धुणं आलं. मग 'एवढंच झाकण उघडते' आलं. महिन्यानं दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी पट्टा हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "महिनाभर वापरलेला पट्टा इतका कोरा कसा काय?" मी खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतर पट्टा खरोखरच बांधून ठेवला. कारखान्यानंही तेवढे दिवस कागदांचं हलकं काम दिलं. थोडं कमी झालं, गेलं नाही. मग सांध्यात एक इंजेक्शन दिलं, आणि चमत्कार झाला. दुखणंच नाही! मी गोधड्या धुतल्या, डबे घासले, टेबलावर परत बसून मागचे सगळे नग भरून काढायच्या नादात दोघींचं काम एकटीनं केलं. तीन आठवड्यांनी एका दुपारी गेज फिरवताना तीच कळ, तिथंच, आधीपेक्षा जोरात. मी गेज टेबलावर हळूच ठेवलं आणि कँटीनच्या मागं जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

आता हाड लहान करायचं ठरलं. मध्ये कापून, तीन मिलिमीटरची चकती काढून, दोन टोकं जुळवून वर प्लेट बसवायची.  नवरा म्हणाला, "चांगलं हाड कापायचं?" आईला फोनवर सांगितलं तर ती कडाडली, "कापाय ते काय उसाचं कांडं हाय व्हय?" आणि फोन ठेवून दिला.

म्हणून दुसऱ्या दिवशी आईच्या गावी, मुरगूडला गेलो. नवऱ्यानं गाडी चालवली, मी मागं हात छातीशी धरून. पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि आई धारेला बसली होती. वडील गेल्यापासून दोन म्हशींचं सगळं तीच करते. भाऊ शेत बघतो. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि एक्स-रेचं समजावून सांगायला लागले. ती 'हूं' म्हणत होती. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. ती सगळा जोर डाव्या हातानं लावत होती. उजवा नुसता सोबतीला. त्याचं मनगट ती अजिबात वळू देत नव्हती. खांद्यापासून अख्खा हात हलवत होती. आणि मनगटाला जुन्या लुगड्याची चिंधी आवळून बांधलेली. ती चिंधी मी शाळेत असल्यापासून बघत आले होते. घाम पुसायला असेल असं मला वाटायचं.

मी विचार केला नाही. तिचा उजवा हात धरला, चिंधी वर सारली आणि त्या खळीत अंगठा दाबला.

आई किंचाळली. म्हैस बिचकून बाजूला सरली, बादली कलंडली आणि निम्मं दूध शेणात गेलं.

"काय करालैस गं! दूध सांडलं की सगळं!"

"किती वर्सं झाली, आई?"

"कशाला?"

"हितं दुखतंय त्याला."

ती बादली सरळ करत राहिली. मग म्हणाली, "तू धावीला हुतीस तवापासनं."

"सांगितलं का न्हाईस?"

"कुणाला सांगू? म्हशीला?"

मला इतका राग आला की मी उठले आणि गोठ्यातून बाहेर नळापर्यंत गेले, परत आले, परत गेले. कुणावर राग तेच कळेना. तिच्यावर, त्या चिंधीवर, की इतकी वर्षं समोर असून न बघणाऱ्या माझ्यावर. नवरा गाडीला टेकून उभा होता. शेवटी मी गोठ्याच्या दारात उभी राहून म्हटलं, "मी कापून घेणार हाय. आन् त्यानंतर तू माझ्यासंगट डॉक्टरकडं यायचंस."

आईनं उरलेलं दूध गाळून घेतलं. "तू कापून घेणारच असशील तर मी येतो तुझ्याकडं. तुला भाकरी कोण घालणार?" आमच्याकडच्या जुन्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. 

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता. मी जागी होते. पडद्यापलीकडं करवतीचा बारीक आवाज आला, गॅरेजमध्ये येतो तसाच, आणि तो माझ्या हाडातून येतोय हे कळत असून दुखत काहीच नव्हतं. मी सारखी विचारत होते, "झालं का? जुळलं का?" शेवटी भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "ताई, आता जरा गप्प पडा."

आई आली. भावानं म्हशी सांभाळायचं कबूल केलं. आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी, आणि दोघींनाही बसायची सवय नाही. मी खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायची. ती झाडलेली खोली परत झाडायची आणि दिवसातून चारदा भावाला फोन लावायची. "पान्हा सोडला काय? न्हाय? अरं, पाठीवर हात फिरव की आधी!" टाके काढायला गेलो तेव्हा मी तिला सोबतीच्या नावाखाली नेलं आणि आत गेल्यावर डॉक्टरांना म्हटलं, "आईचा हात बघा."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी परत आठ वर्षांची झाले.

डॉक्टरांनी खळी दाबली. आई ओरडली नाही. ओठ घट्ट मिटले, डोळे भरून आले आणि म्हणाली, "दुखत न्हाय."

"मावशी, डोळ्यांतून पाणी येतंय."

"ते वाऱ्यानं."

पंखा बंद होता.

एक्स-रेत तिचंही हाड तसंच पुढं आलेलं दिसलं. पण तिचा सांधा आता पार झिजला होता, शेजारचं बारकं हाडही. माझ्यासारखं ऑपरेशन करून तिला फारसा उपयोग झाला नसता. पट्टा, एक इंजेक्शन, आणि धार काढणं बंद. पहिल्या दोन गोष्टी तिनं ऐकून घेतल्या. तिसऱ्याला म्हणाली, "मग मी करू काय दिवसभर?"   इंजेक्शन तिनं घेतलं. रिक्षात बसल्यावर आपल्या मनगटाकडं बघत म्हणाली, "एवढं सोपं हुतं व्हय."

माझं हाड मात्र वेळेवर जुळेना. आठ आठवड्यांच्या फोटोत कापलेल्या जागी काळी रेघ तशीच. "मी काय करू म्हणजे लवकर जुळेल?" मी विचारलं. "काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थांबायचं." हे मला जमणारं काम नव्हतं. सुपरवायझरचा फोन आला, की टेबलावर दुसरी माणसं बसवली आहेत, तुम्ही सावकाश या. सावकाश या म्हणजे काय, यावर मी दोन दिवस घरातल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं. आई गावी परतली. बाराव्या आठवड्यात रेघ फिकट झाली. सोळाव्यात डॉक्टरांनी बोट लावून दाखवलं तरी कुठं होती ते शोधावं लागलं.

मग व्यायाम. तळवा वर वळायलाच तयार नव्हता. सुटे पैसे घ्यायला माणूस हात पुढं करतो तेवढंही जमेना. नवऱ्यानं गॅरेजमधून एक छोटा हातोडा आणला. दांडा मुठीत धरायचा आणि हातोड्याचं डोकं हळूहळू या बाजूला, त्या बाजूला झुकवायचं. तो समोर बसून मोजायचा. मी घाई केली की मोजणं थांबवायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. आमच्या लग्नात मी त्याचं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

पाचवा महिना उलटल्यावर कामावर गेले. मला आता येणाऱ्या मालाच्या मापांचं काम आहे. गेज फिरवायचं नाही. जुन्या टेबलावर एका माणसाला पाळीभर बसवू नका, तासातासानं बदला, असं मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." आता तिथं दोघं आलटून पालटून बसतात. माझ्या सांगण्यानं झालं, की माल कमी झाला म्हणून माणसं मोकळी झाली, ते मला ठाऊक नाही. विचारलंही नाही.

दुखणं संपलं असं म्हणवत नाही, पण ती कळ गेली. धुणं पिळते, पण जाड चादर असली की नवऱ्याला हाक मारते. भाकरी गोल होते. आई गावी गोठ्यात उभी राहून भावाला शिव्या देते. तो नसला की गुपचूप बसून धार काढते, भाऊ ते मला फोनवर सांगतो आणि मागून तिचा आवाज येतो, "काय चुगल्या लावतोयस?"

प्लेट अजून आत आहे. थंडीत ती जाणवते, आणि उजव्या हातात बांगड्या घातल्या की तिच्यावर टेकतात. वर्ष झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, काढली तरी चालेल, ठेवली तरी चालेल, तुम्ही ठरवा. नवरा म्हणतो काढ. आई म्हणते, "राहू दे की, तुला काय खायाला मागतीया?" मी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा फोन करून पुढं ढकलली. येत्या मंगळवारी परत डॉक्टरांकडं जायचं आहे. आईच्या इंजेक्शनचा असर उतरलाय असं भाऊ म्हणाला, म्हणून तिलाही बोलावलंय. ती 'बघू' म्हणाली. म्हणजे बहुतेक येईल.